उडालेली रेघ

आमच्याकडे हळदीला सगळ्या भावकीने एकसारखं कापड घालायची पद्धत आहे. बायकांच्या साड्या, पुरुषांचे शर्ट, पोरींचे फ्रॉक, तान्ह्या बाळाचं झबलंसुद्धा एकाच छापाचं. सेम टू सेम. मांडवात घरचं कोण आणि बाहेरचं कोण हे लांबून कळलं पाहिजे, असं म्हणतात. खरं तर शेजारच्या आळीला जळवायचं असतं. त्यांनी मोर छापले की आपण हत्ती छापायचे. आणि ज्या बाईने घरच्या हळदीला घरचं कापड घातलं नाही, तिचं घरात काहीतरी बिनसलंय हे ती मांडवात शिरल्या शिरल्या गावाला समजतं. म्हणून तसं कोणी करत नाही. मी केलं.

मी मृणाली. माहेर अंजूर, सासर राहनाळ, भिवंडीच्या बाजूची गावं. माझ्या जिभेला हाड नाही असं दोन्ही गावांत बोलतात. आता हाड तर कोणाच्याच जिभेला नसतं, पण नाव माझंच घेतात. असो.

राहनाळला आमच्या जमिनीवर गोडाऊन उभी आहेत आणि त्यातल्याच एकाच्या ऑफिसात मी सकाळच्या पाळीला कॉम्प्युटरवर बसते. आलेला माल, गेलेला माल, परत आलेला माल. सासरे केसरीनाथ गावात वजनदार माणूस, त्यांना सुनेची नोकरी पसंत नव्हती, पण गोडाऊन आपल्याच जागेवर आहे म्हटल्यावर ते गप्प बसले. ऑनलाइन मागवलेले शर्ट लोक परत पाठवतात, त्यात घडी ताठ राहायला एक पांढरा पुठ्ठा असतो. शर्ट पुन्हा पॅक करताना जुना पुठ्ठा फेकून देतात. ते पुठ्ठे मी घरी आणते आणि दुपारची भांडी आवरली की त्यांच्यावर काळ्या पेनाने नक्षी काढते.

नक्षी म्हणजे काही थोर नाही. मला चित्र येत नाही, मोर काढला तर कोंबडी दिसते. एक वळण काढायचं, त्याच्या शेजारी तसंच दुसरं, मग तिसरं. मध्ये ठिपके, ठिपक्यांच्या मध्ये बारीक रेघा. पुढची ओळ आधीच्या ओळीकडे बघून काढायची. एवढंच. काढताना डोक्यातली कटकट एकेक करून खाली बसते. चहाची वेळ होते तेव्हा मी माणसांत येते आणि सगळ्यांशी बरी वागते. माझा एकच नियम आहे. खोडायचं नाही. चुकलेली रेघ पुढच्या ओळीत सामावून घ्यायची.

पण आपल्या गावात सुखाने काही करता येतं का? ही रांगोळी आहे का, मेंदीचं आहे का, कशाचं चित्र आहे? कशाचंच नाही म्हटलं की लोकांच्या पोटात दुखतं. माझी नणंद करिष्मा म्हणाली, वयनी, त्यापेक्षा वारली काढ, त्याला मागणी तरी आहे. माझा नवरा मनोज म्हणाला, चादरीवर छापलं तर चालेल. भिवंडीच्या माणसाला रेघ दिसली की कापडच आठवतं, त्याचा इलाज नाही. मी सगळ्यांना सांगून टाकलं, याचा काही उपयोग नाही आणि होऊ द्यायचा नाही. दिवसभर मी सगळ्यांच्या उपयोगाला पडते, तेवढं पुरे.

मी काढलेलं नुसतं बघायला एकच माणूस बसायचं, माझी सासू हौसा. वाल सोलत बसायची, काही विचारायची नाही. तिच्याकडे घरामागची नाल्याकडेची एक पट्टी होती. वाल, माठ, मिरच्या, दोन शिराळ्याचे वेल. सात-बारावर नाव सासऱ्यांचंच, पण पट्टी हौसाची हे कुत्र्यामांजरांनाही माहीत होतं. गेल्या उन्हाळ्यात सासऱ्यांनी ती ट्रक उभे करायला देऊन टाकली. हौसाला कळलं तेव्हा जेसीबी वेलांवरून फिरून गेला होता. त्या दुपारी सासऱ्यांना वाढताना ती इतकंच बोलली की मना इचारला बी न्हाय. सासऱ्यांनी भरलं ताट तिच्या अंगावर भिरकावलं. ते दाराच्या चौकटीवर आपटलं आणि लादीवर गरगरत राहिलं.

मी बाजूच्या खोलीत काढत बसले होते. ताट आपटलं आणि माझ्या हातातलं पेन उडालं. सरळ चाललेली रेघ एकदम वर उसळली आणि वाकडी होऊन खाली आली.

उठून मी आमटी पुसली, भात गोळा केला. हौसा तिथेच उभी होती, तिला पाणी दिलं. संध्याकाळी पुन्हा पुठ्ठा हातात घेतला. खोडायचं तर नव्हतं. मग त्या उसळीच्या खाली पुढची रेघ तितकीच वर नेली, पण जरा कमी वाकडी. त्याखालची आणखी जरा कमी. हौसा शेजारी येऊन बसली. वाल नव्हते, तिचे हात रिकामे होते. तिने बोट ठेवून विचारलं, ही रेघ का उडाली गो? मी खरं सांगितलं. ताट आपटलं तेव्हाची आहे.

तिने त्या रेघेवरून शेवटपर्यंत बोट फिरवलं. दुसऱ्या दिवसापासून ती रोज दुपारी यायची आणि विचारायची, "आज किती निजली?" मी दाखवायचे. ओळीमागून ओळ ती उसळी कमी होत गेली आणि पुठ्ठ्याच्या खालच्या टोकाला सगळ्या रेघा सरळ झाल्या. त्या दिवशी हौसा म्हणाली, निजली बाय एकदाची. मी तो पुठ्ठा बाकीच्यांबरोबर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. माझ्या सगळ्या पुठ्ठ्यांत मला तो प्यारा होता. तिलाही असावा.

आता मितेश. माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा पोरगा दहावीत होता, गणितात नापास होता होता राहिला तो माझ्यामुळे. त्याची पहिली नोकरी, पहिली गाडी, पहिली भानगड, सगळं आधी मला कळायचं. आईने तांब्याने मारलं तर माझ्यामागे लपायचा. त्याच्या हळदीला पहिली हळद आई लावेल आणि दुसरी मी, हे त्याने स्वतः ठरवून ठेवलं होतं. मी त्या दिवसाची वाट बघत होते, खोटं कशाला बोलू.

लग्न ठरलं आणि कापडाची चर्चा सुरू झाली. मितेश म्हणाला, कापडाचं माझ्यावर सोडा, सरप्राइज आहे. त्याचा मित्र देवेश, त्याच्याकडे कापडावर डिजिटल छपाईचं मशीन. हळदीच्या आदल्या आठवड्यात गठ्ठे घरी आले. ओटीवर भावकीतल्या बायका जमल्या, सासरे खुर्ची टाकून बसले. मितेशने पहिला गठ्ठा फोडला आणि साडी माझ्या अंगावर टाकली.

पिवळ्या जॉर्जेटवर काळी नक्षी. माझी.

मितेशचं तोंड आनंदाने फुललं होतं. मी ऑफिसात असताना त्याने डबा उघडून पुठ्ठ्याचे फोटो काढले होते. म्हणाला, वयनी, आख्खी भावकी तुझं डिझाइन घालनार. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सासरे म्हणाले, चला, पोरीच्या रेघोट्या कामाला आल्या एकदाच्या. मी अजून पदरच बघत होते. देवेशने पुठ्ठ्यातला एक चौकोन उचलला होता आणि तोच कॉम्प्युटरवर पुन्हा पुन्हा चिकटवला होता. नेमका कोणता चौकोन? जिथे रेघ उडाली होती तो. त्याला तो भाग हटके वाटला म्हणे.

आणि म्हणून साडीभर तेच. वीतभर कापड पुढे सरकलं की रेघ उसळते. पुन्हा वीतभर, पुन्हा उसळते. खालच्या शांत झालेल्या ओळी कुठेच नव्हत्या. माझ्या पुठ्ठ्यावर ती रेघ निजली होती, या कापडावर ती कधीच निजणार नव्हती.

हौसाने आपली साडी घेतली आणि उलगडायला लागली. पदर, मग पुढचं, मग आणखी पुढचं, पार निऱ्यांच्या टोकापर्यंत. बायका हसायला लागल्या, अगो काय शोधतेस? तिने काठाला काठ लावून घडी घातली आणि आत निघून गेली. ती काय शोधत होती ते मला कळलं. 

तिथेच मी मितेशला म्हटलं की ही साडी मी नेसणार नाही. तो हसला, त्याला मस्करी वाटली. मग मी पुन्हा सांगितलं, तू मला विचारलं नाहीस. टाळ्या थांबल्या. आणि मग जे सुरू झालं ते आठवडाभर संपलं नाही.

भावकीतल्या काकींनी सांगितलं की मी नशीब काढलंय आणि मला कळत नाहीये. करिष्मा सासरहून मुद्दाम आली आणि दोन तास मला समजावत बसली. तिचं म्हणणं, लोकांची डिझाइनं चोरीला जातात, तुझं तर घरच्यांनीच घेतलं, घरच्यांना कसली चोरी? मी म्हटलं, बाहेरच्याने चोरलं असतं तर पोलिसात गेले असते, घरच्याने घेतलं तर साडी नेसून मिरवू? हा कुठला न्याय? ती म्हणाली, तुझ्याशी बोलणं म्हणजे डोकेफोड. म्हटलं, मग फोडू नकोस, चहा घे.

मनोज वाईट नाही. फक्त वडील बोलायला लागले की त्याला नेमका फोन येतो. त्याने मला बाजूला घेऊन विनवलं की एका संध्याकाळचा प्रश्न आहे, नेस आणि मोकळी हो. मग पाहिजे तर त्या साडीची पायपुसणी कर. मी त्याला ताटाची गोष्ट सांगितली. तो त्या दुपारी घरी नव्हता. ऐकून म्हणाला, पण हे कोणाला कळणार आहे? मी म्हटलं, मला कळतंय. तुझ्या आईला कळतंय. त्यावर त्याला खरंच फोन आला.

मितेश माझ्याशी बोलायचा बंद झाला होता. येता जाता मान खाली. तेच जास्त लागलं. सासऱ्यांनी मात्र निरोप दिला, मनोजच्या तोंडून. कापड घातलं नाही तर मांडवात यायचं नाही आणि मितेशला हळद लावायची नाही. माझी जागा करिष्मा घेईल. म्हणजे मला नेमकं कुठे दुखेल ते त्यांनी बरोबर हेरलं होतं. त्या रात्री मी साडी कपाटातून काढली, अंगावर लावून आरशात बघितली, रडलेही. पोराची हळद आपल्या हाताने लागणार नाही ही काही लहान गोष्ट नाही. पण आरशात खांद्यावर ती रेघ उसळली आणि मला ते ताट गरगरताना ऐकू आलं. साडी घडी करून ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी भिवंडीत जाऊन एक गर्द हिरवी साडी आणली. एकरंगी. काठ नाही, बुट्टा नाही. दुकानदार म्हणाला, मॅडम, कुछ डिझाइन में दिखाऊँ? मी म्हटलं, भैया, डिझाइन से पेट भर गया.

हळदीच्या संध्याकाळी उजेड असतानाच मांडव भरला होता. जिकडे बघावं तिकडे माझी नक्षी. पाटावर, खुर्च्यांवर, भटारखान्यात, डीजेच्या स्पीकरपाशी नाचणाऱ्या पोरांच्या पाठीवर. मी हिरवी साडी नेसून, गजरा माळून, जाणूनबुजून पुढच्या दाराने बाहेर आले. मागच्या दाराने यायला मी काय चोर होते? बायकांच्या माना वळल्या. कोणीतरी डीजेवाल्याला खूण केली आणि गाणं थांबलं.

सासरे समोर आले. अंगात तोच शर्ट. त्यांनी आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत ठेवला. म्हणाले, "मांडवात यायचा तर घरचा कापड घालून ये. न्हायतर आत बस."

"मी घरचीच आहे, बाबा. कापड घालून व्हायची गरज नाही."

"सगल्या भावकीने तुझी नक्षी अंगावर घेतली. तुलाच नको? येवढी मोठी झालीस?"

आता बोलायचं की गिळायचं, इतकाच प्रश्न होता. त्यांच्यासमोर आठवडाभर गिळलं होतं. मी त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे बोट दाखवलं.

"ती खिशापाशी रेघ उडालीय, दिसते? ती तुम्ही आईंच्या अंगावर ताट भिरकावलंत तेव्हाची आहे. पट्टी ट्रकांना दिलीत त्या दिवशीची. माझा हात हलला. ती रेघ शांत करायला मला आठवडा लागला होता. तुमच्या कापडावर ती कुठेच शांत होत नाही, बाहीवर बघा, पाठीवर बघा. मी हे अंगावर घेणार नाही."

सासऱ्यांचा हात आपोआप खिशावर गेला. जवळच्या दोघातिघांनी आपापल्या बाह्या बघितल्या. रेघ सगळीकडे होतीच.

"हलदीच्या दिवशी जुनी भांडणा काढतेस?"

"मी नाही काढली. तुम्ही छापलीत."

मनोज मांडवाच्या खांबापाशी उभा होता. त्याचा फोन वाजत होता. या वेळी त्याने तो उचलला नाही, बंद करून खिशात टाकला. तेवढं मी बघून ठेवलं. सासरे करिष्माला म्हणाले, हळदीची वाटी घे आणि सुरू कर, हिच्यापायी मुहूर्त थांबायचा नाही. करिष्मा म्हणाली, आईशिवाय कसं सुरू करू? पहिली हळद तिची. मग सगळ्यांच्या ध्यानात आलं की हौसा अजून बाहेर आलीच नाही.

हाक मारायच्या आत ती दारात आली. हातात हळदीची वाटी, कपाळभर कुंकू, अंगावर तीच पिवळी साडी. पण काहीतरी वेगळं दिसत होतं आणि ते काय ते समजायला सगळ्यांना क्षणभर लागलं. तिच्या साडीवर नक्षी नव्हती. म्हणजे होती, पुसट, कापडातून मागे उमटते तितकीच. माझ्या सासूने साडी उलटी नेसली होती. पदर, निऱ्या, सगळं उलटं, फॉलची पट्टी बाहेर.

एक काकी धावत पुढे गेली, अगो हौसा, साडी उलटी नेसलीस, चल आत, बदलून देते. उलटं कापड अंगावर घेऊन शुभकार्याला उभं राहणं आमच्याकडे बरं मानत नाहीत. घाईत चुकली असेल म्हणून बायका तोंडावर हात ठेवून हसल्याही. हौसाने काकीचा हात बाजूला केला.

"मना म्हाईत हाय."

सासरे म्हणाले, नवरदेवाची आई आहेस, लोक काय म्हणतील, आधी आत जा आणि सुलटी नेसून ये. एरवी त्यांनी इतकं म्हटल्यावर ती वळली असती. माझ्या लग्नापासून मी तिला वळतानाच बघत आले होते. ती जागची हलली नाही.

"माजी पट्टी न इचारता गेली," ती म्हणाली. "हिची नक्षी न इचारता घेतली. आता ही साडी सुलटी नेसायची का न्हाय, ता मी हिला इचारीन. हिची हाय ती."

आणि ती माझ्याकडे वळली. सगळा मांडव ऐकत होता, पाटावर बसलेला मितेशसुद्धा.

"मृणाली, नेसू का गो सुलटी?"

त्या नक्षीचं काय करायचं हे मला कोणी विचारलं ती ही पहिली वेळ. घरात कोणीच, कधीच विचारलं नव्हतं.  सगळे माझ्याकडे बघत होते आणि सगळ्यांना उत्तर माहीत होतं. सासूने चारचौघांत इतका मान दिला, आता सून विरघळणार, हो आई म्हणणार, साडी सुलटी होणार, डीजे सुरू होणार. काकीने तर हौसाला आत न्यायला हात पुढे केलाच होता.

"नको, आई," मी म्हटलं.

"बरा," हौसा म्हणाली.

ती तशीच, उलट्या साडीत, मांडव ओलांडून पाटापाशी गेली. सासऱ्यांच्या बाजूने जाताना थांबली नाही. तिने मितेशच्या कपाळाला, गालांना, खांद्यांना हळद लावली, ओवाळलं आणि वाटी माझ्यापुढे धरली. मध्ये कोणी आलं नाही. सासरे खुर्चीवर बसले होते, एक हात अजून खिशावर.

मी वाटीत बोटं बुडवली. मितेश मान वर करून बघत होता. दहावीचा निकाल घेऊन आला होता तेव्हाचंच तोंड.

"इचारायला पायजे होता, वयनी," तो हळूच म्हणाला. "राग गेला का?"

"नाही," मी म्हटलं. "गाल पुढे कर."